जीनियस म्हणायचं तरी कोणाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'पोरगा जीनियस आहे' असं आपण येता-जाता म्हणतो आणि म्हणताना डोळ्यांसमोर आइन्स्टाइनचे विस्कटलेले केस असतात. एकटा, विक्षिप्त, जन्मतःच वेगळा असा हा माणूस फार तर अडीचशे वर्षांपूर्वी कल्पनेत आला. त्याआधी लोक निराळा विचार करत आणि तोही जागोजागी निराळा. असामान्य काम झालं की त्याचं श्रेय कोणाच्या खात्यावर मांडायचं, हा या सगळ्यातला मूळ तंटा आहे. देव, घराणं, गुरू, मेंदू, मेहनत असे बरेच दावेदार होऊन गेले.

जीनियस म्हणजे आधीपासून 'अफाट हुशार माणूस'च का?

नाही. रोमन घरात जीनियस ही माणसासोबत जन्मणारी रक्षक देवता होती. प्रत्येक पुरुषाची एक, आणि बायकांच्या देवतेला जूनो म्हणत. वाढदिवसाला तिच्यापुढे धूप, मद्य आणि गोड पोळ्या ठेवायच्या. पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणून तिथली देवघरं आजही पाहायला मिळतात. वेट्टी यांच्या घरातल्या देवघरात मधोमध जीनियस उभा आहे, टोग्याचा पदर डोक्यावरून घेतलेला. दोन्ही बाजूंना हातात मद्याची शिंगं घेऊन नाचणारे गृहदेव आणि खाली वळणं घेत निघालेला मोठा साप. कोकणातल्या राखणदाराची आठवण यावी असं ते चित्र आहे. यात बुद्धीचा काही संबंध नव्हता. घरच्या कर्त्याचा जीनियस सगळं घर पुजायचं, मग तो कर्ता हुशार असो की ठोंब्या.

मग मोठी कविता किंवा मोठा विचार कुठून येतो, असं जुन्या लोकांना वाटायचं?

बाहेरून. ग्रीक महाकाव्यं सुरूच होतात ती 'हे देवी, तू गा' अशी विनवणी करून. सॉक्रेटिस म्हणायचा की त्याला आतून एक दैवी आवाज ऐकू येतो. गंमत म्हणजे तो आवाज कधीच 'हे कर' म्हणत नसे, फक्त अडवायचा. प्लेटोच्या एका संवादात लोहचुंबकाचं उदाहरण आहे. चुंबकाला एक कडी चिकटते, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. तशी काव्यदेवतेची ओढ कवीला लागते, कवीची गाणाऱ्याला, गाणाऱ्याची श्रोत्यांना. यात कवीची स्वतःची कमाई शून्य, आणि प्लेटोला तेच दाखवायचं होतं. कवींबद्दल त्याला फारसं प्रेम नव्हतं.

अरबस्तानात इस्लामपूर्व काळात प्रत्येक मोठ्या कवीचा एक जिन्न असतो असं मानत. अल-अअशा या कवीच्या जिन्नाचं तर नावही लोकांना ठाऊक होतं: मिस्हल.

'मी नाही, देव बोलतो' हा नुसता विनय असतो का?

बऱ्याचदा असतो. पण तुकोबांच्या बाबतीत एवढ्यावर थांबणं म्हणजे त्यांना अर्धंच वाचणं. 'आपुलिया बळें नाहीं मी बोलत, सखा भगवंत वाचा त्याची' हा अभंग सगळ्यांना पाठ आहे. पुढच्याच ओळीत साळुंकी येते: ती मंजुळ बोलते खरी, पण 'शिकविता धणी वेगळाची'. कवित्वाचा आदेशही स्वप्नात मिळाला, तो नामदेवांकडून, आणि सोबत साक्षात पांडुरंग.

आता याच्या शेजारी त्यांचीच दुसरी ओळ ठेवा: 'घोकाया अक्षर, मज नाही अधिकार'. ज्याला वेद म्हणायचा हक्क नाही, ज्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्याची आठवण संप्रदायाने जपली आहे, तो माणूस 'बोलविता धनी वेगळा' म्हणतो तेव्हा तो परवानगीचा प्रश्नच निकालात काढतो. ज्याने बोलवलं त्यालाच जाऊन विचारा! शिक्षणाची दारं बंद असलेल्यांना दैवी देणगीची कल्पना किती उपयोगी पडली, हे या विषयावर लिहिणारे युरोपीय लेखक क्वचित लक्षात घेतात. त्यांना ती भाबडी वाटते. मला ती चांगलीच धारदार वाटते.

तीनेकशे वर्षांनी खानदेशात आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी हेच म्हटलं. अक्षरओळख नाही, जात्यावर आणि शेतात गाणी सुचतात. 'माझी माय सरसोती, माले शिकवते बोली.' मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी ती उतरवून घेतली. बाई १९५१ मध्ये गेल्या, गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये छापून आली. उतरवून घेणारं घरात कोणी नसतं तर?

आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या मते प्रतिभा जन्मजात की कमावलेली?

यावर त्यांनी हजार वर्षं वाद घातला आणि तो वाचण्याजोगा आहे.

दंडी म्हणतो की उपजत प्रतिभा, भरपूर निर्मळ अभ्यास आणि न कंटाळता केलेला सराव, तिन्ही लागतं. पण लगेच पुस्ती जोडतो: पूर्वसंस्काराची प्रतिभा नसली तरी अभ्यासाने आणि यत्नाने आराधना केली तर वाग्देवी थोडी तरी कृपा करतेच. शिकवणी घेणाऱ्या माणसाचं हे बोलणं आहे, विद्यार्थ्याला घरी पाठवायचं नाही! अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन नावं घेतली, पण त्यांना मिळून 'हेतुः' असं एकवचन वापरलं. तीन कारणं नव्हेत, तिघांचं मिळून एकच कारण. सतराव्या शतकात, शाहजहानच्या दरबारातला जगन्नाथ पंडित हे सगळं बाजूला सारून सांगतो की काव्याचं कारण 'केवला प्रतिभा'. मात्र ती प्रतिभा कधी दैवाने येते, कधी व्युत्पत्ती (म्हणजे बहुश्रुतपणा) आणि अभ्यासाने, अशी वाट तोही मोकळी ठेवतो.

या मंडळींत मला सगळ्यात आवडतो तो राजशेखर. काळ इ.स. ९०० च्या आसपासचा, घराणं यायावरांचं. पणजोबा अकालजलद यांना तो 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणतो, म्हणजे मूळ आपल्याकडचं. स्वतः कनौजच्या प्रतिहार दरबारात रमला. त्याने प्रतिभेचे दोन भाग पाडले: रचणाऱ्याची कारयित्री आणि रसिकाची भावयित्री. ऐकणाऱ्यालाही प्रतिभा लागते, हे त्याने शास्त्रात नोंदवून ठेवलं. रचणाऱ्याच्या प्रतिभेचे पुन्हा तीन प्रकार: सहज, कमावलेली आणि उपदेशाने आलेली.

त्याने कवीचा दिनक्रमही आखून दिला आहे. पहिला प्रहर अभ्यास. दुसरा प्रहर लेखन. दुपारी स्नान-भोजन, मग काव्यगोष्ठी. शेवटच्या प्रहरात सकाळचं लिखाण एकट्याने किंवा मोजक्या मित्रांबरोबर तपासायचं, कारण लिहिताना रसाच्या आवेशात विवेकाची नजर नसते. हाताशी काय काय हवं? पेटी, फळा आणि खडू, लेखणी-दौत, ताडपत्रं किंवा भूर्जपत्रं, लोखंडी टोकाची कोरणी, आणि चक्क घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या भिंती, म्हणजे सुचलं की लिहिता येईल. ही सगळी यादी देऊन झाल्यावर तो हळूच म्हणतो: आचार्यांच्या मते ही सामग्री, माझ्या मते प्रतिभा हीच सामग्री. कामाला बसणारा माणूस आणि प्रतिभावंत यांत त्याला भांडण दिसत नव्हतं.

'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' म्हणजे प्रयत्नाने काहीही जमतं, असंच ना?

शाळेच्या भिंतीवर तसंच रंगवलेलं असतं खरं. पण वामन पंडितांचा तो श्लोक पूर्ण वाचा. मूळ भर्तृहरीचा. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाला शिंगही सापडेल, पण हट्टी मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही! प्रयत्नवादाचं आपलं सगळ्यात लाडकं वचन म्हणजे 'काही डोक्यांपुढे प्रयत्न हरतात' असं सांगणाऱ्या श्लोकाचा पहिला चरण आहे.

स्मरणशक्तीला पूर्वी एवढं महत्त्व का होतं?

पुस्तक दुर्मीळ होतं म्हणून. एकदा ऐकून पाठ होणारा एकपाठी, दोनदा ऐकून होणारा द्विपाठी, आणि शंभर जणांच्या प्रश्नांची व्यवधानं एकाच बैठकीत सांभाळणारा शतावधानी. छापखाना आल्यावर ही ऐट ओसरली. आज पाठांतराला आपण 'घोकंपट्टी' म्हणून नाक मुरडतो. ज्या मंडळींनी वेद पाठ करून टिकवले त्यांना हे ऐकून काय वाटलं असतं कोण जाणे.

जीनियस म्हणजे काहीतरी नवं, ही अट कधी आली?

अठराव्या शतकात, युरोपात. रेनेसाँस काळात पायाभरणी झाली होती. वासारीने १५५० मध्ये चित्रकारांची चरित्रं लिहिली, मायकेलएंजेलोला लोक 'दिव्य' म्हणू लागले. पण तोवर जुन्या थोरांचं अनुकरण करणं ही शिक्षणाची सरळ वाट होती. १७५९ मध्ये एडवर्ड यंग या पंचाहत्तरीतल्या इंग्रज कवीने 'मौलिक लेखना'वर निबंध लिहिला: अस्सल कृती रोपासारखी मुळातून उगवते, नक्कल ही कारागिरी. जर्मनीत हा निबंध फार गाजला. १७९० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने त्याला तात्त्विक बैठक दिली: कलेला नियम घालून देतो तो जीनियस, आणि आपण हे कसं केलं ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

याच न्यायाने कांटने न्यूटनला यादीतून वगळलं! न्यूटनची बुद्धी केवढीही मोठी असो, त्याने प्रत्येक पायरी दाखवून दिली आहे, म्हणजे ते शिकता येतं. होमरचं काव्य शिकून लिहिता येत नाही. आज जीनियस म्हटलं की आपल्याला आधी शास्त्रज्ञ आठवतात. कांटच्या हिशेबात एकही बसत नव्हता.

यामागे पैशाचाही भाग होता. इंग्लंडमध्ये १७१० च्या कायद्याने लेखकाला स्वतःच्या पुस्तकावर चौदा वर्षांचा हक्क मिळाला. लिखाण ही मालमत्ता झाली की ते 'माझ्याच डोक्यातून निघालं' हे ठासून सांगावं लागतं. राजशेखराला ही निकड नव्हती. त्याने उसनवारीवर तीन अध्याय खर्च केले, शब्द कसे उचलावे, अर्थ कसा उचलावा, कुठवर चालतं, आणि निर्वाळा दिला: 'नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः'. चोर नाही असा कवी नाही आणि चोर नाही असा वाणी नाही. ज्याला लपवता येतं तो सुखाने नांदतो.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतातच का?

दिसतात, पण पुढे ते पाय कुठे जातील हे पाळण्यात दिसत नाही. दोन मुलांची गोष्ट सांगतो.

पहिला चीनमधला, अकराव्या शतकातला फांग चोंगयोंग. वांग आनशी या मोठ्या मुत्सद्द्याने त्याच्यावर छोटा लेख लिहिला आहे. घर शेतकऱ्याचं, लेखणी-कागद कधी पाहिलेला नाही. पाच वर्षांचा असताना पोराने लिहायचं सामान हवं म्हणून भोकाड पसरलं. बापाने शेजाऱ्याकडून आणून दिलं तर त्याने चार ओळींची कविता लिहून खाली नाव टाकलं. गावात बोभाटा झाला. लोक बापाला बोलावू लागले, कवितेसाठी पैसे देऊ लागले. बाप खूश. रोज पोराला घेऊन दारोदार जायचं, शाळेचं नाव नाही. वांगने त्याला बारा-तेरा वर्षांचा असताना पाहिलं, तेव्हाच कविता ख्यातीला साजेशी राहिली नव्हती. आणखी सात वर्षांनी चौकशी केली तर उत्तर आलं: आता चारचौघांसारखाच आहे.

दुसरा बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी, जन्म १९२४. कुठलाही रीतसर पाठ न घेता हा मुलगा अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, वझेबुवा यांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गाऊन दाखवायचा, खर्खर सोडली तर तबकडीच म्हणावी. एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं. गावोगाव मैफली झाल्या, मुंबई हादरली. इथवर कथा फांगचीच. पण मग वडिलांनी मुलाला मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या हवाली केलं. तिथे दहाएक वर्षं तालीम झाली. ज्या हरकती तो बिनचूक घेत होता त्या तिथेच का येतात, हे तिथे उमगलं. पुढे क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, देवासला काही वर्षं गाणं बंद करून पडून राहावं लागलं, आणि नंतर जे गाणं आलं ते कोणाचीच नक्कल नव्हतं. लहानपणी जो दुसऱ्यांसारखं गाण्यासाठी नावाजला गेला, तो मोठेपणी दुसऱ्या कोणासारखं गात नाही म्हणून गाजला, काही जुन्या रसिकांच्या शिव्या खाऊन.

कन्फ्यूशियसने जन्मतःच ज्ञान असलेल्यांना सर्वांत वर बसवलं, पण स्वतःबद्दल म्हणाला, मी तसा नाही, मी जुन्याच्या आवडीने शोधत राहणारा.

प्रतिभावंत थोडा वेडा असतो, यात तथ्य किती?

ही समजूत फार जुनी. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहात विचारलं आहे की तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य यांत नाव कमावलेले सगळे उदास प्रकृतीचे कसे? उत्तर होतं शरीरातलं काळं पित्त. १५१४ मध्ये जर्मन चित्रकार ड्यूररने तेच कोरलं: पंख असलेली व्यक्ती, भोवती कंपास, करवत, तराजू, आणि ती हनुवटीला हात लावून खिन्न बसलेली.

एकोणिसाव्या शतकात इटलीच्या लोंब्रोसो या डॉक्टरने याचा आजार करून टाकला. गुन्हेगार कवटीवरून ओळखता येतो म्हणणारा हाच तो. त्याच्या लेखी प्रतिभा हा अपस्माराचा भाऊबंद. १८९७ मध्ये तो टॉलस्टॉयला 'तपासायला' त्याच्या घरी यास्नाया पोल्यानाला गेला. सत्तरीला टेकलेला टॉलस्टॉय टेनिस खेळत होता, घोड्यावर बसत होता. दोघे पोहायला गेले तर त्याच्याहून धाकट्या डॉक्टरलाच दम लागला आणि टॉलस्टॉयने हात दिला. टॉलस्टॉयने डायरीत पाहुण्याची नोंद 'मर्यादित बुद्धीचा भाबडा म्हातारा' अशा अर्थाची केली. सिद्धांत मात्र बदलला नाही.

मोठ्या माणसांचे मेंदू मोठे असतात का?

रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हचा मेंदू २ किलोचा भरला. नोबेलविजेत्या आनातोल फ्रान्सचा जेमतेम १ किलोचा. विषय खरं तर इथेच संपायला हवा होता.

संपला नाही. १८५५ मध्ये गणिती गाउस वारला तेव्हा त्याचा मेंदू ग्योटिंगेनमध्ये बरणीत ठेवला. १९५५ मध्ये आइन्स्टाइनचा मेंदू शवविच्छेदन करणाऱ्या थॉमस हार्वीने घरच्यांना न विचारता काढून घेतला, त्याचे सुमारे २४० तुकडे केले आणि वर्षानुवर्षं स्वतःजवळ सांभाळले. ग्योटिंगेनच्या बरणीबद्दल २०१३ मध्ये उघड झालं की 'गाउसचा' म्हणून ज्याचा अभ्यास होत होता तो फुक्स नावाच्या डॉक्टरचा मेंदू होता. फार पूर्वी बरण्या बदलल्या होत्या. इतक्या वर्षांत नुसता मेंदू पाहून कोणालाही शंका आली नव्हती.

'रक्तातच असतं' हे शास्त्राने सिद्ध केलंय का?

गाल्टनला वाटलं की त्याने केलं. हा डार्विनचा सावत्र नात्याने आतेभाऊ. १८६९ च्या त्याच्या ग्रंथात इंग्लंडचे न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनानी, कवी आणि शेवटी वल्हेकरी व कुस्तीगीर यांच्या घराण्यांचे तक्ते आहेत. थोरांच्या नात्यात थोर जास्त, म्हणून थोरवी वंशाने येते. न्यायाधीशाच्या मुलाला वकिलीत ओळखी आयत्या मिळतात, हे त्याने मनावर घेतलं नाही. १८८३ मध्ये त्यानेच सुप्रजननाची, म्हणजे 'चांगल्या' वंशाचीच माणसं वाढवायची ही कल्पना नाव देऊन पुढे आणली आणि पुढच्या शतकात तिने केलेला संहार आपण जाणतो. १८९२ च्या आवृत्तीत गाल्टनने कबूल केलं की शीर्षकात 'जीनियस' नको होतं, 'क्षमता' हवं होतं. आनुवंशिकतेचा काहीच भाग नसतो असं आज कोणी म्हणत नाही. पण जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपण तरी 'रक्तात असतं' हे वाक्य जपून वापरावं.

आयक्यू १४० च्या वर म्हणजे जीनियस, हे कोणी ठरवलं?

स्टॅनफर्डच्या ल्युइस टर्मनने, १९१६ मध्ये. पण चाचणी मुळात त्याची नव्हती. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी ती १९०५ मध्ये केली, शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत देता यावी म्हणून. बुद्धी कायमची ठरलेली असते या मताला बिनेचा विरोध होता. टर्मनने दिशा उलटी केली. १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर हुशार मुलं निवडून त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवलं. मुलं चांगली निघाली, डॉक्टर, प्राध्यापक, वकील झाली. नोबेल एकालाही नाही. ज्यांची चाचणी घेऊन ज्यांना गाळलं त्यांत विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. 'बिने-कामत' म्हणून ती अजून वापरात आहे आणि बहुतेक पालकांची तिच्याशी गाठ पडते ती मुलाला शिकायला अडचण येते तेव्हाच. म्हणजे बिनेला हवं होतं त्याच कामी. दुसऱ्या टोकाला आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, बुद्धिमान मुलांसाठी. तिथे हुशारीबरोबर समाजाचं देणंही शिकवायचं अशी कल्पना होती. टर्मनला हे सुचलं नव्हतं.

यादीत बायका इतक्या कमी का?

कारण यादी करणारे पुरुष, हे एक. दुसरं कारण साल्झबुर्गच्या एका घरात दिसतं. नानर्ल मोझार्ट भावापेक्षा साडेचार वर्षांनी मोठी. युरोपच्या दौऱ्यांत दोघं बरोबरीने वाजवत होती. १७६९ पासून बाप फक्त मुलाला घेऊन जाऊ लागला, कारण मुलगी लग्नाची झाली होती. १७७० मध्ये भावाने पत्रात तिच्या एका रचनेची तारीफ केली आहे. तिची एकही रचना आज उपलब्ध नाही.

आणि पुन्हा राजशेखर. 'पुरुषवद्योषितोऽपि कवीभवेयुः' असं त्याने साफ लिहून ठेवलं आहे: संस्कार आत्म्याला होतो, त्याला बाई-पुरुष हा भेद लागत नाही. बायको अवंतिसुंदरी हिची मतं तो ग्रंथात नावानिशी देतो, तीही स्वतःच्या गुरुजनांच्या मतांच्या बरोबरीने. हजार वर्षांनंतर हे वाचताना बरं वाटतं आणि मधल्या हजार वर्षांबद्दल वाईटही.

दहा हजार तास सराव केला की कोणीही तयार होतं?

हा आकडा १९९३ च्या एका अभ्यासातून आला. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिन शिकणारे विद्यार्थी घेतले होते. त्यांतल्या उत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी तेवढा होता. सरासरी. म्हणजे काहींचा बराच कमी. पुढे त्याचा 'नियम' झाला तेव्हा एरिक्सनने स्वतःच हरकत घेतली.

हंगेरीच्या लास्लो पोल्गारने मुली जन्मण्याआधीच जाहीर केलं होतं की प्रतिभावंत घडवता येतात. तिन्ही मुली बुद्धिबळात चमकल्या, ज्युडिट १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. मराठी वाचकाने मात्र आधी आपल्या तिघी आठवाव्यात. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली आणि पुढची दहा वर्षं विजेतेपद या एका घराबाहेर गेलं नाही. रोहिणी १९७६ मध्ये, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गदारोळ झाला. शेवटी जागतिक संघटनेला सांगावं लागलं की बाई म्हणून कोणाला अडवता येणार नाही. आता हे रक्त, की घरात सतत मांडलेला पट, की वडिलांचा हट्ट? तीन बहिणींच्या एका घरावरून हे वेगळं काढता येत नाही.

रामानुजनला नामगिरी देवी गणित सांगायची ना?

तो तसं म्हणायचा. केंब्रिजचा गणिती हार्डी याला ते पटत नव्हतं. १९१३ च्या जानेवारीत मद्रास पोर्ट ट्रस्टच्या या कारकुनाचं पत्र त्याच्याकडे केंब्रिजला पोहोचलं, सिद्धता न देता सूत्रांमागून सूत्रं. हार्डीच्या मते त्याचं डोकं इतर गणितींसारखंच चालायचं, फक्त फार दूरवर पोहोचायचं. शिदोरी होती कार नावाच्या इंग्रज शिकवणीवाल्याच्या पुस्तकाची, त्यात काही हजार सूत्रं जवळपास सिद्धतेविना रचलेली. रामानुजनची लिहिण्याची धाटणी तिथूनच आलेली दिसते. रामानुजन बत्तिसाव्या वर्षी गेला, पण हार्डीला त्याहून मोठी शोकांतिका वाटली ती अठरा ते पंचवीस ही वर्षं ताठर शिक्षणपद्धतीमुळे फुकट गेल्याची. त्या वर्षांची भरपाई देवीला किंवा केंब्रिजला करता आली नाही.

माझं मूल जीनियस आहे का, हे कसं ओळखू?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चाचणीवरून नक्कीच नाही. काळजी वाटत असेल, शिकण्यात अडचण असेल किंवा शाळेत फारच कंटाळत असेल तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे जा. एरवी फांगच्या बापाचं आणि कुमारांच्या वडिलांचं वागणं शेजारी ठेवून पाहा. आणि पाहुण्यांसमोर 'काकांना म्हणून दाखव' जरा कमी करा.

आजच्या काळात एकटा जीनियस उरला आहे का?

गणितात क्वचित, कवितेत असेल. मोठ्या विज्ञानात हिशेब पार बदलला. हिग्ज या मूलकणाचं वस्तुमान ठरवणारा २०१५ चा शोधनिबंध घ्या. लेखक ५,१५४. छापील ३३ पानांपैकी मजकूर नऊ पानांत आटपला, उरलेली २४ पानं नावांची आणि संस्थांची. त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसंही आहेत. नोबेल मात्र एका विषयात जास्तीत जास्त तिघांनाच देता येतं आणि या कणाबद्दलचं २०१३ चं पारितोषिक दोघांना मिळालं, ज्यांनी तो १९६४ मध्ये कागदावर मांडला होता. पाच हजारांची ती यादी रोमन वर्णानुक्रमाने लावलेली आहे. त्यामुळे पहिलं नाव आलं जी. आद यांचं, आणि त्यांच्या प्रयोगातले शेकडो शोधनिबंध जगभर 'आद आणि इतर' म्हणूनच ओळखले जातात.